फेब्रुवारीतला इतिहास आणि मूत्रपिंडाचं गणित

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ साली हा उपक्रम एका आठवड्यापुरता सुरू केला आणि १९७६ पासून तो महिनाभर चालतो. वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची बरीचशी धावपळ विद्यार्थीच करतात. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची एक जुनी संघटना, स्टुडंट नॅशनल मेडिकल असोसिएशन, हॉवर्ड आणि मेहॅरी या दोन वैद्यकीय महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी १९६४ साली उभी केली. नेमकी हीच दोन नावं का, तर अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांची झाडाझडती घेणाऱ्या १९१०च्या फ्लेक्सनर अहवालानंतर कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकीय महाविद्यालयांपैकी पाच बंद पडली आणि ही दोनच तगली.

या महिन्यात महाविद्यालयांत लागणाऱ्या प्रदर्शनातल्या चित्रांत एक चेहरा आपल्या ओळखीच्या वाटेवरचा आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियातल्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, तिथूनच १८६७ साली रिबेका कोल ही कृष्णवर्णीय तरुणी डॉक्टर होऊन बाहेर पडली होती.

चित्रं लावायलाच हवीत. पण या विद्यार्थ्यांचं सगळ्यात मोलाचं काम प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर दिसतं. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ. त्यावरून मूत्रपिंड किती काम करतंय याचा अंदाज काढतात, त्याला ईजीएफआर म्हणतात. २००९च्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर आलेल्या आकड्याला १.१५९ ने गुणत असत. कारण सांगत, त्यांचे स्नायू जास्त असतात. हे नीट तपासलेलं नव्हतंच. आता हिशोब बघा. मूळ आकडा १८ आला, तर गुणाकारानंतर तो जवळपास २१ होतो. डायलिसिस सुरू नसेल, तर मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत वेळ मोजायला सुरुवात होते ती हा आकडा २० किंवा त्याखाली आला की. म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या गोऱ्या रुग्णाचा वेळ सुरू झाला आणि याचा नाही. क्रिएटिनिन, वय, लिंग सगळं सारखं असूनही!

काही रुग्णालयांत हा गुणक काढून टाकला गेला तो विद्यार्थ्यांनी लावून धरल्यामुळे. २०२१ साली वंशाचा उल्लेख नसलेलं नवं सूत्र आलं. पुढे जानेवारी २०२३ पासून रुग्णालयांनी आपली यादी तपासून अशा कृष्णवर्णीय रुग्णांचा गेलेला वेळ भरून द्यायचा, असा नियम झाला. हजारोंना तो मिळाला.

रुग्णालयातलं सूत्र बदलायचं हे काम हाती घेताना आधी रिपोर्टवर कोणतं सूत्र छापलंय ते बघायचं. मग मूत्रपिंडतज्ज्ञ, प्रयोगशाळाप्रमुख आणि औषधतज्ज्ञ यांना एकत्र बसवायचं. औषधतज्ज्ञ अशासाठी की आकडा बदलला की औषधांच्या मात्राही बदलतात. ईजीएफआर ३०च्या खाली गेला तर मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध बंद करावं लागतं. सूत्र बदलूनही घोटाळा राहतो तो डॉक्टरांच्या फोनमधल्या जुन्या कॅल्क्युलेटरमध्ये. तोही तपासा.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही असंच. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांच्या खाली होता, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के मोजण्यांत आढळलं आणि गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के. त्वचेतल्या मेलॅनिनमुळे प्रकाशाचं मोजमाप चुकतं. म्हणून रुग्णाला धाप लागली असेल, तर आकडा बरा दिसला तरी धमनीतल्या रक्ताची तपासणी करावी.

फेब्रुवारीत रक्तदाब तपासणीची शिबिरंही होतात. लॉस एंजेलिसमधल्या कृष्णवर्णीयांच्या केशकर्तनालयांत औषधतज्ज्ञांनी जागेवरच औषध सुरू केलं, तेव्हा वरचा रक्तदाब सहा महिन्यांत सरासरी २७ अंकांनी उतरला. नुसता सल्ला मिळालेल्यांचा ९ अंकांनी. म्हणजे मोजून घरी पाठवणं पुरत नाही. माणसाला पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत. दंडावरचा पट्टा लहान पडला तर आकडा खोटा वाढतो, म्हणून मोठा पट्टा जवळ हवाच. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. आकडा जास्त आला, तर त्याच टेबलावर दवाखान्याची वेळ ठरवून चिठ्ठी हातात द्या. १८०/१२० च्या वर असून छातीत दुखत असेल, तर थांबू नका, थेट आपत्कालीन विभागात पाठवा.