लॅक्स्टन : कुंपण न पडलेलं शिवार

(दृश्य : धुक्यातलं मोकळं शेत. लांबून ट्रॅक्टरचा आवाज.)

नोव्हेंबर संपत आलाय. इंग्लंडच्या मध्यभागी, नॉटिंगहॅमशायर परगण्यात, लॅक्स्टन नावाचं एक खेडं आहे. गव्हाची पेरणी उरकली आहे आणि त्या शेतातून दहा-बारा माणसं चालली आहेत. पायांत गमबूट, मागे ट्रॅक्टरची ट्रॉली, ट्रॉलीत लाकडी खुंट्या. दर थोड्या अंतरावर ही माणसं थांबतात आणि खाली बघतात. कुणाचं तास शेजाऱ्याच्या पट्ट्यात घुसलंय का? कुणी गाडीवाट नांगरून आपल्या रानात ओढलीय का?

आपण ज्याला बांध कोरणं म्हणतो, नेमकं तेच ही माणसं शोधताहेत.

ही गावची ज्यूरी, म्हणजे पंचमंडळ आहे. सगळे इथलेच शेतकरी. आज ज्याच्या पट्ट्यासमोर ते थांबलेत, तो कदाचित त्यांच्यातच उभा असेल. चूक सापडली तर त्याला दंड होईल, आणि त्या दंडामागे इंग्लंडचा कायदा उभा आहे.

(दृश्य : आकाशातून दिसणारं गाव. एक रस्ता, दोन्ही बाजूंना लाल विटांची घरं.)

वरून पाहिलं की या गावाची मांडणी लगेच कळते. इंग्लंडमध्ये इतरत्र शेतकऱ्याचं घर बहुधा त्याच्या शेतात, एकटं उभं असतं. लॅक्स्टनमध्ये शेतकरी गावात राहतात, रस्त्याच्या कडेला, एकमेकांना लागून. घरामागे गोठे आणि लांबट परसू. जमीन मात्र गावाबाहेर, तीन मोठ्या शिवारांत : वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. या शिवारांत आत कुठेही कुंपण नाही. प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शिवारांत विखुरलेले.

विखुरलेले का? कारण तीनपैकी एक शिवार दरवर्षी पड टाकतात. एकात थंडीच्या आधी पेरलेला गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसऱ्याला विसावा. पुढच्या वर्षी चक्र एक घर पुढे सरकतं. एखाद्याची सगळी जमीन एकाच शिवारात असती, तर पडीच्या वर्षी त्याच्या घरात दाणा आला नसता. शिवाय जमीन सगळीकडे सारखी नसते. चांगली, वाईट, पाणथळ, उताराची, सगळ्यांच्या वाट्याला सगळं थोडं थोडं यावं, ही त्या वाटपातली समज.

आणि पट्टे लांबट का, तर बैलांमुळे. इथली माती जड, चिकण. तिच्यात नांगर ओढायला मोठी बैलजोड लागे आणि ती वळवणं महाकठीण. म्हणून एकदा नांगर लागला की बैल दमेपर्यंत सरळ जायचं. इंग्रजीतला ‘फर्लांग’ हा शब्द इथूनच आला. लांब तास, एवढाच त्याचा मूळ अर्थ. आपल्याकडे जुनी माणसं अजून फर्लांगभर अंतर म्हणतात, तेव्हा नकळत कुणा इंग्रज शेतकऱ्याच्या तासाची लांबी सांगत असतात.

(दृश्य : जुन्या लॅटिन हस्तलिखिताचं पान.)

गावाची पहिली मोठी नोंद १०८६ सालची. नॉर्मंडीहून आलेल्या विल्यम राजानं इंग्लंड जिंकलं आणि वीस वर्षांनी आपल्याला नेमकं काय मिळालंय याची मोजदाद केली. तेच डूम्सडे बुक. त्यात हे गाव ‘लॅक्सिंट्यून’ म्हणून येतं. पूर्वी टोची नावाच्या माणसाची ही जमीन आता जेफ्री अल्सेलिनकडे गेलेली. जमीन सहा नांगरांची. बांधील कुळं २२. त्यांच्याहून लहान, खोपटात राहणारी कुळं सात. पाच गुलाम. आणि एक गुलाम स्त्री.

तिचं नाव नाही. नऊशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणा कारकुनानं नांगर, कुरणं, जंगल मोजता मोजता तिलाही मोजलं आणि तो पुढे गेला. या गावाच्या इतिहासात पुढे सरदार येतात, राजे येतात, पण मला दरवेळी त्या एका आकड्यापाशी थांबावंसं वाटतं.

(दृश्य : गावाच्या उत्तरेला गवतानं झाकलेली मोठी टेकडी.)

ही टेकडी माणसांनी रचलेली आहे. नॉर्मन सरदारांचा किल्ला इथे होता. परगण्यातल्या या प्रकारच्या किल्ल्यांत सर्वांत चांगला टिकलेला हाच. द कॉ आणि पुढे एव्हरिंगॅम घराण्यातली माणसं इथून शेरवुडच्या राजजंगलाचा कारभार पाहत. किल्ल्याचं आता फक्त मातीकाम उरलंय. एव्हरिंगॅम मंडळी मात्र सेंट मायकेल चर्चमध्ये अजून आडवी आहेत, कबरींवरच्या मूर्तींच्या रूपात. त्यातली एका स्त्रीची मूर्ती लाकडाची आहे. दगड टिकतो, पण इतक्या शतकांच्या दमट हवेत लाकूड टिकावं, याचं नवल वाटतं.

(दृश्य : जुन्या नकाशाचे तुकडे. नांगरणारी, पेरणारी, कापणी करणारी इवली माणसं.)

आता १६३५ साल. लॅक्स्टन जगाला माहीत झालं ते या नकाशामुळे.

मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदारानं गावातला प्रत्येक पट्टा मोजला आणि मोठ्या चर्मपत्रांवर उतरवला. नकाशासोबत नोंदवही : कुठला पट्टा, कुणाकडे, किती. आपल्या भाषेत सांगायचं तर गावनकाशा आणि सातबारा एकत्र. त्यात पट्टे भरले २,२८०. पिअर्सनं नुसत्या रेषा ओढल्या नाहीत. शेतात नांगर चालताना, बी फेकताना, विळ्यानं कापणी होताना त्यानं चितारली. जंगलाच्या बाजूला हरणाची शिकार दाखवली. हा नकाशा आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

तो करवून घेतला सर विल्यम कोर्टेननं. हा लंडनचा बडा रेशीम आणि कापडाचा व्यापारी. त्याचे वडील फ्लँडर्समधल्या धार्मिक छळातून पळून आलेले, धंद्यानं शिंपी. आणि इथे हे आडवळणाचं खेडं अचानक आपल्या किनाऱ्याला येऊन लागतं. त्याच १६३५ च्या डिसेंबरात चार्ल्स राजानं कोर्टेनच्या मंडळींना पूर्वेकडच्या व्यापाराची परवानगी दिली, थेट ईस्ट इंडिया कंपनीच्या नाकावर टिच्चून. १६३६ च्या वसंतात कॅप्टन वेडेलच्या हाताखाली जहाजं निघाली. ती समुद्रात असतानाच कोर्टेन वारला. ऑक्टोबरात जहाजं गोव्याला पोहोचली आणि पुढे दोनेक वर्षांत या मंडळींची वखार कारवारला उघडली. लॅक्स्टनचं शिवार मोजून घेणारा पैसा आणि कोकणपट्टीवर मिरी शोधत आलेला पैसा एकाच तिजोरीतला होता.

तो धंदा बुडाला. मुलगा कर्जात रुतला आणि लॅक्स्टन पिअरपाँट घराण्याकडे गेलं. हेच पुढचे अर्ल मॅनव्हर्स. अर्ल हा इंग्लंडमधला सरदारकीचा किताब.

(दृश्य : झुडपांच्या कुंपणांनी चौकोन पडलेली इंग्रजी शेतं.)

आज इंग्लंड म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते हे हिरवे चौकोन. पण त्यांतले पुष्कळसे कुंपण घालून पाडलेले आहेत. १६०४ पासून तीनशे वर्षांत पार्लमेंटनं ५,२०० हून जास्त कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमिनीला कुंपण घातलं. पट्टे गेले, गायरानं गेली. मोठ्या जमीनदाराला सलग जमीन मिळाली, उत्पन्न वाढलं. ज्याच्याकडे एक गाय आणि गायरानावर चारायचा हक्क एवढंच होतं, तो मजूर झाला किंवा शहराच्या वाटेला लागला. उत्पन्न वाढलं हे खरं आहे, पण त्या गायीची किंमत कुठल्या हिशेबात धरली गेली?

लॅक्स्टनच्या काही भागालाही कुंपण पडलंच. उरलेलं का वाचलं? एक कारण साधं आहे. गावात मॅनव्हर्स आणि स्कारबरो असे दोन मोठे जमीनदार होते, त्यांच्या जमिनी एकमेकांत गुंतलेल्या, आणि दोघांचं एकमत वेळेवर झालं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्स इस्टेटीनं बारीक पट्टे जोडून थोडे रुंद केले. पण शिवारं तीनच राहिली आणि पिकांची पाळीही तीच राहिली.

१९५२ मध्ये अर्लनं गाव सरकारच्या शेती खात्याला विकलं, ही पद्धत टिकावी म्हणून. १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे गेलं. २०२० मध्ये मॅनव्हर्सच्या वंशजांच्या थोर्सबी इस्टेटनं ते परत विकत घेतलं.

(दृश्य : रस्त्याकडेचा विटांचा कोंडवाडा. मग डव्हकोट इन या खानावळीचं दार.)

गावात कोंडवाडाही आहे. भटकं जनावर आत टाकणाऱ्या माणसाला इथे ‘पिंडर’ म्हणत. शिवारातल्या ज्या ओलसर, गवताळ पट्ट्यांत नांगर चालत नाही, त्यांना ‘साइक’ म्हणतात. ते सगळ्यांचे. तिथल्या गवताचा लिलाव होतो, आणि कधी नांगर न लागल्यामुळे तिथे अजून जुनी कुरणफुलं येतात. म्हणून तर ज्यूरी साइकच्या कडेला जास्त वेळ थांबते. तिथे एक तास जास्त मारण्याचा मोह मोठा असतो.

तपासणीनंतर आठवड्याभरानं डव्हकोट इनमध्ये ‘कोर्ट लीट’ बसतं. हे जहागिरीचं जुनं न्यायालय. दंड झालेल्याला इथे आपलं म्हणणं मांडता येतं. मग पुढच्या वर्षीची ज्यूरी शपथ घेते. १९७७ मध्ये पार्लमेंटनं देशातल्या अशा जुन्या न्यायालयांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा त्या कायद्यात दोन अपवाद नावानिशी लिहिले गेले. त्यातला एक लॅक्स्टनचा.

(दृश्य : पुन्हा तेच शेत. संध्याकाळ.)

ज्यूरी आता शेवटच्या पट्ट्यापाशी आली आहे. एका जागी खुंटी हललेली दिसते. जुना शेतकरी पावलांनी अंतर मोजतो, तरुण दोर धरतो. दोन-तीन घाव पडतात आणि नवी खुंटी जागेवर बसते. पुढच्या वर्षी ही माणसं इथे येणार नाहीत. ती येतील आज पड असलेल्या शिवारात, कारण तोवर तिथे गहू पेरलेला असेल. या खुंटीकडे पुन्हा बघायला तीन वर्षांनी यायचं.

(ट्रॅक्टर गावाकडे वळतो. आवाज हळूहळू लांब जातो.)