अरेनी: साल, रांजण आणि एक जोडा

श्रोतेहो, नमस्कार. आर्मेनियाच्या लाल वाईनचा विषय निघाला की अरेनी हे नाव येतंच. अरेनी हे गावाचं नाव आणि द्राक्षाचंही. गाव वायोत्स द्झोर प्रांतात, अर्पा नदीकाठी. बागा हजार मीटरच्याही वर, दिवसा कडक ऊन, रात्री गारठा. द्राक्ष काळं आणि जाड सालीचं. तोडणी सप्टेंबरअखेर, नाहीतर ऑक्टोबरात. ही साल लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

गावाजवळच एक गुहा आहे. तिथे मातीचा उथळ थाळा सापडला, सुमारे मीटरभर रुंद, कडा उचललेल्या आणि उतार एका बाजूला. उताराच्या टोकाशी जमिनीत बसवलेलं भांडं, साठ सेंटिमीटर खोल. रचना पाहताच कळतं: थाळ्यात पायानं द्राक्षं तुडवायची, रस आपोआप भांड्यात. आजूबाजूला बिया, वेलीच्या काड्या, पिळलेल्या द्राक्षांचा चोथा. वय सुमारे सहा हजार वर्षं. थाळ्याला लागूनच दफनं होती, म्हणून ही वाईन रोजच्या जेवणासाठी नसून विधीसाठी असावी, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत.

पण ही वाईनच कशावरून? सहसा टार्टारिक आम्ल शोधतात. ते मात्र इतर फळांतही असतं. आपल्या चिंचेचा आंबटपणा तोच. म्हणून संशोधकांनी खापरांत माल्व्हिडिन शोधलं, म्हणजे काळ्या द्राक्षाच्या सालीतला लाल रंग. ते सापडलं. हे रंगद्रव्य डाळिंबातही असतं, म्हणून त्याचाही संशय होता, पण गुहेत डाळिंबाचा मागमूस नाही. २०११ साली हे प्रसिद्ध झालं. साल तुडवली म्हणून रंग उतरला, रंग उतरला म्हणून पुरावा उरला. पुन्हा सांगतो, पुरावा रंगाचा आहे, आणि रंग सालीचा.

आता रांजण. आर्मेनियात त्याला करास म्हणतात. भाजलेल्या मातीचा, आतून मेण लावलेला, जमिनीत निम्मा किंवा पूर्ण पुरलेला. पुरायचं कारण उघड आहे: माती थंड, त्यामुळे आंबताना रस तापत नाही. तो फार तापला तर यीस्ट मरतं आणि साखर तशीच राहते. रांजण पाऊणच भरायचा, कारण आंबताना साली वायूबरोबर वर येऊन जाड थर धरतात. तो थर दिवसातून दोनतीनदा काठीनं खाली दाबायचा. दाबला नाही तर वरच्या साली सुकतात, त्यांना हवा लागते आणि वाईनचा शिरका होतो. शिवाय रंगही पुरेसा उतरत नाही. आंबणं थांबलं की वाईन चोथ्यावरून काढून स्वच्छ रांजणात काठोकाठ भरायची आणि झाकण मातीनं लिंपायचं. इथे रिकामी जागा नको, हवा हीच शत्रू. आणि आंबण सुरू असलेल्या तळघरात उतरताना, आडात उतरावं तसं, आधी दिवा खाली सोडा. विझला तर उतरू नका; पण पेटता राहिला म्हणून हवा सुरक्षित आहे असंही समजू नका, कारण आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू दिवा विझण्याआधीच घातक ठरू शकतो.

ओकच्या पिपाचं कौतुक करणारे पुष्कळ. पीप वाईनला व्हॅनिलाचा वास देतं. व्हॅनिलाच हवा असेल तर आइस्क्रीम खावं की! मातीचा रांजण स्वतःचा वास देत नाही.

जाता जाता जोड्याबद्दल. त्याच गुहेत २००८ साली गाईच्या एकाच कातड्याचा, वादीनं बांधायचा उजव्या पायाचा जोडा मिळाला. मेंढ्यांच्या लेंड्यांचा थर आणि कोरडी हवा, म्हणून टिकला. युरोपीय सदतीस मापाचा, आत गवत भरलेलं. वाईन विकणारे तो द्राक्ष तुडवणाऱ्याचा म्हणून सांगतात. श्रोतेहो, जोडा साडेपाच हजार वर्षांचा, थाळा त्याहून सुमारे पाचशे वर्षं जुना. आणि द्राक्षं तुडवताना जोडा कोण घालतं?