हिरव्या रुमालांची रात्र

(दृश्य : संसदेचा घुमट, पाऊस, छत्र्या)

८ ऑगस्ट २०१८. अर्जेंटिनाची राजधानी बुएनोस आयरेस. इकडे ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा, त्यात पावसाची रिपरिप. संसदेसमोरच्या चौकात मधोमध कठडे लावलेत. एका अंगाला आकाशी रुमाल; त्यांचं म्हणणं, ‘दोन्ही जीव वाचवा’. दुसऱ्या अंगाला हिरवे. त्यांची मागणी, १४ आठवड्यांपर्यंतचा गर्भपात कायदेशीर करा. आत सिनेटमध्ये सकाळपासून भाषणं चालली आहेत. आमचा कॅमेरा बहुतेक वेळ हिरव्यांतच फिरतोय, ते तुमच्या लक्षात येईलच.

(दृश्य : मुलीचा चेहरा, जवळून)

गालांवर फासलेली हिरवी चमकी पावसाने ओघळून हनुवटीपर्यंत आलीय. रुमाल मनगटाला. शेजारणीचा गळ्यात, तिच्या मागचीचा दप्तराच्या बंदाला. तिकोनी कापड, त्यावर पांढरी छपाई.

या तिकोनी कापडामागे मोठी गोष्ट आहे. १९७७ साली, लष्करी राजवटीत, बेपत्ता झालेल्या मुलांचा ठावठिकाणा विचारत आया प्लासा दे मायो चौकात जमू लागल्या. एकमेकींना ओळखता यावं म्हणून त्यांनी डोक्याला पांढरं कापड बांधलं. सुरुवातीला ते होते बाळांचे लंगोट! २००३ मध्ये रोसारिओ शहरात बायकांचं राष्ट्रीय संमेलन भरलं, तेव्हा तोच रुमाल हिरवा होऊन आला. दरवर्षी नव्या गावी भरणाऱ्या या संमेलनांतूनच पुढे २००५ मध्ये देशव्यापी मोहीम उभी राहिली. घोषणा तीन पदरी : ठरवता यावं म्हणून लैंगिक शिक्षण, गर्भपाताची वेळ येऊ नये म्हणून गर्भनिरोधकं, मरू नये म्हणून कायदेशीर गर्भपात. विरोधक यातलं पहिलं आणि दुसरं पद सोयीस्कर विसरतात. विधेयक मांडायचं, ते बारगळायचं, पुन्हा मांडायचं. वर्षानुवर्षं हेच.

तोवर कायदा होता १९२१ च्या दंडविधानातला. बलात्कार झाला असेल किंवा बाईच्या जिवाला, तब्येतीला धोका असेल, तरच मुभा. एरवी गुन्हा. पैसेवाल्या घरांतल्या बायकांचं गुपचूप निभावून जाई. गरिबाघरची बाई मिळेल ते करून बघे.

(दृश्य : १४ जूनची सकाळ, मेट्रोचा डबा)

हे दोन महिने आधीचं. कनिष्ठ सभागृहाने १२९ विरुद्ध १२५ मतांनी विधेयक मंजूर केलं, तो दिवस. शाळकरी मुली, दप्तरं, सगळीकडे हिरवं. आया-आज्यांनी चालवलेली मोहीम या पोरींनी केव्हा ताब्यात घेतली, ते कुणाला कळलंही नाही.

(दृश्य : पुन्हा चौक, रात्र)

मध्यरात्र उलटून गेल्यावर निकाल आला. बाजूने ३१, विरोधात ३८.

(निवेदन थांबते. फक्त चित्र आणि ढोल.)

आठवडाही झाला नाही, तोच बुएनोस आयरेस प्रांतात घरीच केलेल्या गर्भपातातून संसर्ग होऊन एक बाई गेली.

(दृश्य : ३० डिसेंबर २०२०, पहाट, तोंडावर मास्क)

जवळपास अडीच वर्षांनी तोच चौक, या वेळी उन्हाळा. बाजूने ३८, विरोधात २९. कायदा क्रमांक २७,६१०, लागू २४ जानेवारी २०२१ पासून. मागितल्यापासून १० दिवसांत सेवा, तीही मोफत. मनाला पटत नसेल तर डॉक्टर नकार देऊ शकतो. मात्र बाईला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवणं त्याला बंधनकारक आहे.