दोराने उचलावे, टेकूने पेलावे

मित्रहो, या सभागृहातील बहुतेकांकडे गाडीमागे ओढायचा, मुक्कामाचा घडीचा ट्रेलर आहे किंवा तो घेण्याचे ठरते आहे, म्हणून त्याची ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. रस्त्यावर असताना जेमतेम कमरेपर्यंत येणारी पेटी मुक्कामी पोहोचल्यावर खोली होते, ती विंचचे, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळणाऱ्या हातचरखीचे, हँडल फिरवून वर चढवलेल्या छतामुळे. या विंचची, तिच्या दोराची आणि कप्प्यांची देखभाल सुरक्षितपणे कशी करावी हा आजचा विषय आहे. त्यात माझे सांगणे मुख्यतः एकच आहे: जी यंत्रणा छत उचलते, तिच्याच भरवशावर छताखाली काम करू नये.

ट्रेलरखाली बॅटरी घेऊन एकदा निवांतपणे पाहावे. बऱ्याच ट्रेलरमध्ये विंचच्या ड्रमवरून निघालेला एकच दोर फरशीखाली एका जाड पट्टीला जोडलेला असतो, आणि त्या पट्टीपासून चार दोर निघून कप्प्यांवरून चार कोपऱ्यांतील खांबांकडे जातात. शंभर-दोनशे किलोंचे छत, त्यावर कोणी एसी बसवला असेल तर त्याचे वजन, हे सगळे शेवटी एका दोरावर आणि ड्रम उलटा फिरू न देणाऱ्या विंचमधल्या एका खटक्यावर येऊन ठरते. त्यातील एक काही तुटले, की त्याच्यामागे दुसरे काही उभे नसते.

या संदर्भात अमेरिकन कारागीर एलिशा ओटिस यांची हकिकत मी नेहमी सांगतो, आणि आजही जरा सविस्तर सांगणार आहे. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात ते सामान चढवण्याच्या उघड्या पाळण्यावर उभे राहिले, पाळणा प्रेक्षकांच्या डोक्यांवर उंच नेला आणि ज्या दोराला तो टांगलेला होता तोच दोर तोडायला लावला. पाळणा किंचित खचला आणि थांबला. त्यांनी दोर अधिक जाड केला नव्हता. पाळण्याच्या माथ्यावर घोडागाडीची असते तशी पात्यांची स्प्रिंग होती. दोरावर ताण असेपर्यंत ती वाकलेली राहत असे, आणि ताण गेला की सरळ होऊन तिची टोके दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत जाऊन अडकत. उचलण्याचे काम दोराकडे आणि दोर गेल्यावर धरून ठेवण्याचे काम दुसऱ्याच भागाकडे, ही ती विभागणी. तीन वर्षांत, १८५७ मध्ये, ब्रॉडवेवरील एका दुकानाच्या इमारतीत माणसांसाठी लिफ्ट सुरू झाली. आपल्याकडे तर १९३९ सालीच मुंबईच्या लिफ्टसाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि परवाना व तपासणी यांची सवय या शहराला तेव्हापासूनची आहे. आपल्या सोसायटीच्या लिफ्टची तपासणी झाली नाही तर आपण सचिवांना जाब विचारतो. ट्रेलरच्या छताची तपासणी करायला मात्र कोणीही येत नाही, ती मालकानेच करायची आहे.

म्हणूनच ट्रेलर बांधून देणाऱ्या काही कारागिरांविषयी माझी तक्रार आहे. बोट ट्रेलरवर ओढून घेण्यासाठी बनवलेली, नुसत्या खटक्याची विंच ते छत उचलण्यासाठी बसवतात आणि विचारले तर खटका भक्कम असल्याचे सांगतात. छत चढवताना तो धरतोही. परंतु उतरवण्यासाठी खटका बाजूला केला, की छताचा सारा भार हँडल धरलेल्या मनगटावर येतो. हात सुटला तर हँडल गरगर फिरते, आणि ते पकडायला गेलेल्याचे हाड मोडते. भार धरून ठेवणारा ब्रेक असलेली विंच वेगळी असते. तिच्यात छत उतरवतानाही हँडल जोर लावून फिरवावे लागते. अशी विंच उतरताना आपोआप फिरू लागली तर तिचा ब्रेक गेला आहे असे समजून काम तेथेच थांबवावे. वंगण तिच्या दात्यांना द्यावे, ब्रेकच्या चकत्यांवर तेलाचा थेंबही पडू देऊ नये.

आता दोराविषयी. १८३४ मध्ये जर्मनीतील हार्ट्झच्या खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्ट यांनी तारांचा दोर तयार केला. साखळी एका कडीत अचानक तुटते. दोराच्या तारा एकेक करून तुटतात आणि पाहणाऱ्याला आधी सूचना मिळते. ट्रेलरवर बहुधा ७ × १९ रचनेचा, म्हणजे प्रत्येकी १९ तारांच्या ७ पेडांचा, एकूण १३३ बारीक तारांचा दोर असतो. ४.८ मिलिमीटर जाडीचा असा नवा जस्तलेपित दोर सुमारे १,९०० किलोंना तुटतो, पण त्याच्यावर त्याच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भार टाकू नये. ही ताकद नव्या दोराची आहे, हे मुंबईत विशेष लक्षात ठेवावे लागते. पावसाळ्याचे चार महिने ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या ट्रेलरमध्ये दमट, खारी हवा कोंडते आणि दोर कप्पीवर वळतो तेथे आतून गंजतो. जुने फडके दोरावरून संथपणे ओढावे. तुटलेली तार कुसळासारखी त्यात अडकते. हे काम उघड्या बोटांनी कधीही करू नये. फडके एकदा जरी अडकले, तरी मी तो दोर बदलतो. प्लॅस्टिकचे आवरण असलेला दोर मला पसंत नाही, कारण त्यात गंज दिसत नाही. आणि मुंबईच्या दारूखाना भागात मोडीत निघालेल्या जहाजांचा दोर स्वस्तात मिळतो म्हणून आणू नये. त्याने किती भार सोसला आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा प्रत्यक्ष कृती भराभर सांगतो. जमीन सपाट हवी, चाकांना अडणी हवी, कोपऱ्यांचे जॅक टेकलेले हवेत, वारा नको आणि आत कोणीही नको. छताच्या सर्व कड्या उघडल्याची खात्री स्वतः फिरून करावी, कारण एक कडी अडकलेली असताना हँडल रेटले की दोर तुटतो. हँडल जड लागले तर थांबावे. छत पूर्ण चढल्यावर चार कोपऱ्यांत मापाने कापलेले जाड लाकडी टेकू उभे करावेत. ते खाली चॅसिसवर, म्हणजे ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्यावर, आणि वर छताच्या चौकटीवर टेकावेत, फरशीच्या प्लायवर नव्हे. मग हँडल अगदी थोडे उलटे फिरवून भार टेकूंवर येऊ द्यावा, आणि मुख्य दोर सैल पडल्याचे हाताने चाचपल्यानंतरच आत हात घालावा. कोपऱ्यांचे चारही दोर एकदम बदलावेत, नाहीतर जुना-नवा वेगवेगळा ताणला जाऊन छत तिरके चढते. दोराचे वळवलेले टोक आवळून धरणाऱ्या बुलडॉग क्लॅम्पची खोबण भार घेणाऱ्या दोरावर आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर यावा. छत पूर्ण उतरलेले असतानाही ड्रमवर किमान तीन वेढे राहावेत. खांबांना ग्रीस लावू नये, रेती चिकटते. कोरडा सिलिकॉन फवारा पुरेसा आहे. ज्यांचा ट्रेलर त्रिकोणी छपराचा आणि स्प्रिंगचा आहे, त्यांनी छप्पर मिटलेले असताना स्प्रिंगचा बोल्ट सैल करू नये, कारण तेव्हा ती पूर्ण ताणात असते.

नवा दोर बसल्यावर छत आधी बोटभर उचलावे, टेकू तसेच राहू द्यावेत, चारही कोपऱ्यांची उंची टेपने मोजावी आणि क्लॅम्पचे नट पुन्हा आवळावेत, कारण पहिल्या भाराने दोर दबून ते सैल होतात; त्यानंतर टेकू काढावेत.