ज्वारी घरातून कशी गेली

(दारव्हा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेलं व्याख्यान, थोडं संपादन करून.)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी, आणि वावरातली कामं आटोपून आलेल्या माझ्या बायांनो,

फळ्यावर विषय लिहिला आहे 'सरकारी धोरण आणि आपला घरखर्च'. विषय फार मोठा आहे. मी तो एका दाण्यावरून सांगणार आहे. तो दाणा ज्वारीचा.

आधी एक विचारते. आज सकाळी कोणाच्या घरी ज्वारीची भाकर झाली? हात वर करा. मागच्या त्या पोरानं दोन्ही हात वर केलेत, बहुतेक दोन भाकरी खाऊन आलाय, पण आपण त्याला एकच धरू. म्हणजे सात. आता सांगा, यंदा कोणाच्या वावरात ज्वारी होती? दोन. त्यातलेही काकाजी म्हणतात, 'जनावरांपुरती होती.' माझ्या लहानपणी हा प्रश्न कोणी विचारलाच नसता. पावसाळ्यात पाऊस पडला का, असं कोणी विचारतं का?

माझं माहेर पुसद तालुक्यातलं. बापाचं नऊ एकर कोरडवाहू. पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर, आणि घराला पुरेल इतकी ज्वारी. पऱ्हाटी विकायला, ज्वारी खायला, ही वाटणी कोणी कागदावर लिहिली नव्हती. कणसं खळ्यावर यायची, कडबा बैलांना आणि गाईला, धसकटं चुलीला. गाय कडब्यावर जगायची म्हणून घरात ताक असायचं. ताक असायचं म्हणून आंबील व्हायची. एका पिकातून दाणा, चारा, दूध, सरपण, सगळं निघायचं, आणि त्यातलं काहीच बाजारातून आणावं लागत नव्हतं.

गुढीपाडव्याला सालदार, म्हणजे वर्षभराचा गडी, ठरायचा. त्याच्या सालात पैसे असायचे आणि ज्वारी असायची. सोंगणीला, म्हणजे कापणीला, येणाऱ्या बायाही ज्वारीच न्यायच्या. हे नीट ध्यानात घ्या, कारण शेवटी मी इथेच परत येणार आहे. ज्वारीचा भाव वाढला काय, पडला काय, त्या बाईच्या पायलीच्या मापात पायलीच ज्वारी असायची. महागाई तिच्या पदरातल्या मजुरीला हात लावू शकत नव्हती.

ते दिवस सोन्याचे होते, असं मी अजिबात म्हणणार नाही. सालदाराच्या घरची ज्वारी आषाढापर्यंत संपायची, मग तो दिढीनं आणायचा. एक पोतं घ्यायचं आणि नव्या पिकात दीड पोतं फेडायचं. ज्याच्या घरी धान्याचं पेव भरलेलं, तोच देणारा. ही विषमता डोळ्यांसमोर होती, माझ्या बापानंही ती पोसली, आणि मी ती झाकणार नाही. सरकारनं त्यात हात घातला ते बरंच केलं.

कसा घातला, ते आमच्या तालुक्यानं जवळून पाहिलं, कारण मुख्यमंत्रीच आमच्याकडचे. वसंतराव नाईक गहुलीचे. १९६४ साली सी.एस.एच.-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली, आणि नाईकसाहेबांनी ती महाराष्ट्रभर लावून धरली. माझी माय त्या ज्वारीला 'हायब्रीड' म्हणायची आणि नाक मुरडायची. 'चव नाही बाई याले, पण पोतं भरते,' हे तिचं वाक्य. पोतं भरत होतं हे खरं. १९७२ च्या दुष्काळात मी चौथीत होते. राशनात परदेशातून आलेली लाल मिलो यायची. तिची भाकर लालसर व्हायची आणि लवकर वाळायची. माय ती थापताना काही बोलायची नाही. बाप म्हणायचा, 'हे पाय, परक्याच्या वावरातली जवारी.' सरकारनं ज्वारीकडे पाहावं, ती वाढवावी, असा तो काळ होता. सरकार सक्तीनं धान्य घ्यायचं त्या लेव्हीच्या नावानं लोक ओरडायचे, पण सरकारला ज्वारी हवी तरी होती.

मग ती नकोशी कधी झाली? एका दिवसात नाही. राशनात गहू आणि तांदूळ आला. तो पंजाब-हरियाणाकडून यायचा, कारण सरकारी खरेदीची व्यवस्था तिथे भक्कम. हमीभाव ज्वारीलाही होता, पण खरेदी केंद्र उशिरा उघडायचं आणि पावसानं काळा पडलेला दाणा घ्यायचं नाही. आमची खरिपाची हायब्रीड दाणा भरताना पावसात सापडली की काळी पडणारच. नव्वदच्या दशकात सोयाबीन आलं. शंभर दिवसांत पैसा. रोही म्हणजे नीलगायी, आणि डुकरं ज्वारीत शिरायची, पाखरं वेगळी. कास्तकारानं हिशेब केला, आणि चुकीचा केला नाही. गहू राशनात स्वस्त मिळत असेल तर ज्वारी पेरून रात्रभर जागली कशाला करायची?

एक गोष्ट मला फार लागते. १९९५ साली राज्यात एक रुपयात झुणका-भाकर सुरू झाली. सरकारी केंद्रावर मिळायची ती भाकर होती. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. चांगली योजना, मी तिच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण त्या थाळीत काय आहे? दोन चपात्या, भाजी, वरण, भात. पंचवीस वर्षांत गरिबाच्या सरकारी ताटातून भाकर उठून गेली. याच्या मधे, २००७ च्या सुमारास, धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचं धोरण याच राज्यात निघालं होतं, आणि ज्वारी त्यात होती. गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. जो दाणा राशनाला पेलत नव्हता, तो भट्टीला पेलत होता. मला त्याचा आजही राग येतो.

आता माझ्या मोठ्या बहिणीचं सांगते. ताईला साखर आहे. डॉक्टर चांगला माणूस, त्यानं कागदावर लिहून दिलं, भात कमी, ज्वारीची भाकर. ताई घरी आली आणि मला फोन केला. 'डाक्टर म्हणते भाकर खा. भाकर आणू कोठून? वावरात सोयाबीन हाये, डब्यात गहू हाये.' दोन एकराची मालकीण आहे ती. तिच्या मायच्या घरी ज्वारी मोजून संपत नव्हती, आणि ती आता ज्वारी किलोनं आणते, किराणावाल्याकडून, औषधासारखी. शहरातल्या सुखवस्तू घरात ज्वारी आता तब्येतीसाठी खातात, खुशाल खावी. पण गरिबाचं अन्न महाग झालं आणि गरिबाला फुकट मिळतं ते त्याला सोसत नाही, ही उलटापालट ताईच्या नशिबानं केलेली नाही. एकेका निर्णयानं केली आहे.

ताईचं कार्ड केशरी. आपल्या अमरावती विभागातले पाच जिल्हे, वर्धा आणि मराठवाड्यातले आठ, अशा चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २०१५ पासून दरमाणशी पाच किलो धान्य मिळायचं, दोन रुपयांनी गहू, तीन रुपयांनी तांदूळ. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे सुरू झालेली योजना ती. २०२२ मध्ये ते धान्य थांबलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरलं की धान्याऐवजी दरमाणशी महिन्याला १५० रुपये घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यात येतील. बाईच्या खात्यात, हे मला आवडलं. ताईनं अर्ज भरला. आधार जुळेना. एका कचेरीतून दुसरीकडे, दुसरीकडून बँकेत, बँकेतून परत पहिल्या कचेरीत. तीन चकरा, तीन दिवसांची मजुरी बुडाली. दोन माणसांचे ३०० रुपये यायचे, त्यासाठी तिनं किती घालवले ते तिनं वहीत मांडलं, आणि वही माझ्यासमोर ठेवून ती गप्प बसली. ती अशी गप्प बसलेली मी याआधी पाहिली नव्हती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं. म्हणजे जे सांगायला आले ते आता भरभर सांगावं लागेल. वही असेल तर लिहून घ्या.

पहिलं. १५० रुपये ठरले त्या हंगामात, २०२२-२३ ला, संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला २९७० रुपये होता. म्हणजे १५० रुपयांत हमीभावानं पाच किलो ज्वारी बसत होती. २०२४ मध्ये रक्कम १७० झाली. पण २०२५-२६ चा हमीभाव ३६९९ आहे. आता १७० रुपयांत साडेचार किलोच्या थोडी वर बसते. दुकानातला भाव तर सोडूनच द्या. तीन वर्षांत जवळजवळ अर्धा किलो कुठे गेला? कोणी चोरला नाही. दाण्याची जागा रुपयानं घेतली, आणि रुपया भावाबरोबर वाढवायचा नियम कोणी केला नाही. सोंगणीवाल्या बाईची पायली आठवते ना, तिला हे होत नव्हतं.

दुसरं, तेल. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस केलं. हेतू चांगला, सोयाबीनला भाव मिळावा. हमीभाव ४८९२ होता आणि बाजार समितीत भाव त्याच्या खाली. दसऱ्या-दिवाळीला तेल महागलं, सोयाबीन मात्र हमीभावाला पोचलं नाही. मे २०२५ अखेर शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आलं, तोवर कास्तकाराचा माल विकून झालेला. सोयाबीन विकणारी तीच बाई, तेल घेणारीही तीच. दोन्ही वेळा काटा तिच्या विरुद्धच झुकतो, कारण तिच्याकडे साठवायला जागा नाही आणि थांबायला पैसा नाही. ज्याच्याकडे गोदाम आहे त्याला दोन्ही वेळा फायदा.

तिसरं, चारा. कडबा गेला, गाय गेली, दूध पिशवीत आलं. लाडक्या बहिणीचे १५०० येतात, येऊ द्या, ते बायांच्या हातात येतात याचा मला आनंद आहे. पण पिशवीचं दूध, तेलाची पिशवी आणि सिलेंडर यांतच ते संपतात, हे तुम्हीच मला मघाशी चहा पिताना सांगितलंत.

आणि मागणी काय? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यातच लिहिलं आहे, तांदूळ तीन, गहू दोन आणि भरडधान्य एक रुपया किलो. २०२३ पासून ते सगळं फुकट आहे. कायद्यात ज्वारी आहे, दुकानात ती नेमानं नाही. कर्नाटकात राशनात ज्वारी आणि नाचणी देतात, तेव्हा हे अशक्य नाही. आपल्याच जिल्ह्यात दिवाळीनंतर वेळेवर खरेदी करा, काळा दाणा ठरलेली घट लावून घ्या, आणि आपल्याच दुकानात वाटा. ट्रकभाडं वाचेल, कडबा गावात राहील. केशरी कार्डवाल्यांना पैसेच द्यायचे असतील तर ते ज्वारीच्या हमीभावाशी बांधा. पाच किलो म्हणजे पाच किलो.

दुसरी चिठ्ठी आली. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे, दाराजवळच्या टेबलावर आहे. त्याखाली ताईनं पहिली सही केली आहे. ज्या सात घरी आज भाकर झाली त्यांनी करावी, आणि ज्यांच्या घरी नाही झाली त्यांनी आधी करावी. पेन तिथेच बांधून ठेवलं आहे.