कृष्णधवल फिल्म स्कॅन करताय? आधी ती एक टिक काढा!

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: "निगेटिव्ह छान दिसते, पण स्कॅन केली की चेहरे मेणाचे का होतात?" आज त्याबद्दलच बोलू.

डेव्हलपिंग तुम्हाला येतंच, भरभर सांगतो. एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म, आयएसओ ४०० वर काढलेली, डी-७६ डेव्हलपर पाणी न मिसळता, २० अंशांना साडेसात मिनिटं. मग स्टॉप (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण), फिक्सर (चित्र पक्कं करणारं), धुणं. उन्हाळ्यात नळाचं पाणी तापलेलं असतं, तेव्हा रसायनांच्या बाटल्या बर्फाच्या बादलीत ठेवा. झालं.

आता स्कॅनर. सॉफ्टवेअरमध्ये 'डिजिटल आइस' किंवा इन्फ्रारेड क्लीनिंगची, म्हणजे धूळ आपोआप पुसण्याची, टिक असते. आपल्या फिल्मला ती लावायची नाही. का? स्कॅनर फिल्ममधून इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. रंगीत निगेटिव्हमधून तो आरपार जातो, फक्त धुळीपाशी अडतो. अडला तिथे धूळ, असं सॉफ्टवेअर धरून चालतं. पण कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीचं असतं आणि चांदीही इन्फ्रारेड अडवते. आजीचे पांढरेशुभ्र केस निगेटिव्हवर सगळ्यात काळे, म्हणजे तिथे चांदी सगळ्यात जास्त. सॉफ्टवेअर ते केसच धूळ समजून पुसायला घेतं!

एका प्रेक्षकाने घरची जुनी निगेटिव्ह दोन्ही प्रकारे स्कॅन करून पाठवली. टिक लावलेल्या फोटोत साडीच्या काठाची नक्षी विरघळलीय, टिक काढलेल्यात धागा न् धागा दिसतो. फिल्म तीच, स्कॅनर तोच.

"माझ्या फिल्मला तर आइस चालतं," अशीही कमेंट आहे. विचारलं तर फिल्म निघाली एक्सपी२ सुपर! ही फिल्म कृष्णधवलच, पण ती सी-४१ मध्ये, म्हणजे रंगीत निगेटिव्हच्या प्रक्रियेत, डेव्हलप होते, शेवटी तिच्यात चांदी उरत नाही, रंगद्रव्य उरतं. म्हणून चालतं. तेव्हा डबीवर सी-४१ लिहिलंय का बघा. नसेल, तर टिक काढा.

मग धुळीचं काय? ती बसूच द्यायची नाही. आणि इथे मला खरंच राग येतो: ओली फिल्म पंख्याखाली वाळत घालू नका हो! फिल्मवरचं ओलं जिलेटिन खोलीतली सगळी धूळ चिकटवून घेतं. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफ करा, धूळ खाली बसते, मग फिल्म टांगा आणि दार लावून घ्या. बोअरच्या पाण्याचे डाग पडतात, म्हणून शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने, त्यात एकास दोनशे फोटो-फ्लो (पाण्याचे थेंब फिल्मवर साचू न देणारं द्रावण). कापडाने पुसायचं नाही. स्कॅनच्या आधी ब्लोअर मारा. उरलेले ठिपके फोटोशॉपमध्ये हाताने काढा, वेळ लागतो, लागू दे.

स्कॅन १६ बिट ग्रेस्केलमध्ये, ऑटो काँट्रास्ट बंद. फोटो फिका दिसेल, तसाच हवा, काँट्रास्ट नंतर वाढवता येतो, पण स्कॅनमध्येच उडालेले पांढऱ्या भागांतले तपशील परत येत नाहीत. २४०० पीपीआयला (म्हणजे इंचाला २४०० पिक्सेल) ३५ मिमीची फ्रेम साधारण ११ बाय साडेसात इंच छापता येते, ३०० पीपीआयने.

प्रिंटरमध्ये कृष्णधवल मोड असेल तर तोच वापरा, रंगीत शाईतून करडा बनवला की हिरवट-जांभळी झाक येऊ शकते. आधी छोटा तुकडा छापा, रात्रभर वाळू द्या आणि सकाळी खिडकीपाशी नेऊन बघा. ट्यूबलाइटखाली झाक ठरवू नका.