पश्चात्ताप झाला, पण कलिंग परत दिलं का?

मंडळी, 'आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तर काय वेगळं कराल?' हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो आणि उत्तरही ठरलेलं असतं: 'काहीच नाही, मी समाधानी आहे.' मला या उत्तराचा दाट संशय येतो. म्हणून आज मी अशा माणसाबद्दल बोलणार आहे, ज्याने आपली चूक आकड्यांसकट दगडावर कोरून घेतली. सम्राट अशोक.

राज्याभिषेकाला आठ वर्षं झाली तेव्हा, म्हणजे इसवी सनापूर्वी २६१ च्या सुमारास, त्याने कलिंग जिंकलं. त्याने ठिकठिकाणी कोरून घेतलेल्या लेखमालेतला तेरावा शिलालेख सांगतो: दीड लाख माणसं धरून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट दगावली. हे हरलेल्यांचं गाऱ्हाणं नव्हे, जिंकणाऱ्याचा कबुलीजबाब आहे. आकडे ढोबळ असतीलही, पण एरवी राजे 'शत्रूचा निःपात केला' एवढं लिहून मोकळे होतात. हा आणखी पुढे जातो. ज्यांना स्वतःला ओरखडाही आला नाही, पण ज्यांचे मित्र, सोयरे, सोबती गेले, त्यांचं दुःखही तो हिशेबात धरतो. आणि म्हणतो, तेव्हा जेवढे मेले त्यांच्या शंभराव्या, हजाराव्या हिश्श्याएवढ्या माणसांना जरी आज तसं भोगावं लागलं, तरी मला ते जड वाटेल.

इथे टाळ्या वाजवायचा मोह होतो. थोडं थांबा.

हा तेरावा लेख गिरनारला आहे, पेशावरच्या बाजूला शाहबाजगढीला आहे. कंदाहारला त्याचा काही भाग ग्रीक भाषेतसुद्धा मिळाला आहे. पण ओडिशात धौली आणि जौगडला, म्हणजे खुद्द कलिंगात, तो नाही! तिथे बाकीचे लेख आहेत, फक्त अकरा ते तेरा गाळले आहेत. ज्यांची माणसं गेली त्यांनाच सोडून राजाने जगभर खेद व्यक्त केला. अभ्यासक याचे वेगवेगळे अर्थ लावतात. मला यात राज्यकर्त्याचा धूर्तपणा दिसतो: नुकत्याच जिंकलेल्या मुलखात मेलेल्यांचा आकडा कशाला कोरून ठेवा?

मात्र त्या जागी त्याने जे कोरलं, ते वाचण्यासारखं आहे. कलिंगातल्या तोसली नगराच्या महामात्रांना, म्हणजे बड्या अधिकाऱ्यांना, उद्देशून तो म्हणतो, सगळी माणसं माझी लेकरं आहेत. आणि लगेच मुद्द्यावर येतो: कुणाला विनाकारण कैद होते, कुणाचा छळ होतो, त्यात इतरही लोक होरपळतात. का होतं हे? मत्सर, राग, निष्ठुरपणा, उतावळेपणा, आळस, थकवा. (हल्लीच्या कचेऱ्यांत ही यादी भिंतीवर लावायला हरकत नाही.) दर पाच वर्षांनी मी तपासणीला अधिकारी पाठवीन आणि हा लेख तिष्य, म्हणजे पुष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवायचा, ऐकणारा एकटा असला तरी! माफी नाही, पण कारभार कसा चालवायचा याचा हुकूम आहे.

बाकी हिशेब कोरडा आहे. कलिंग परत दिलं नाही. धरून नेलेल्या दीड लाखांना घरी पाठवल्याचा उल्लेख नाही. त्याच तेराव्या लेखात रानातल्या लोकांना सुनावलं आहे की, राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या हातात ताकद आहे, तेव्हा सांभाळून राहा. देहदंडही चालूच राहिला. पुढे राज्याभिषेकाला सव्वीस वर्षं झाल्यावर त्याने एवढंच केलं की शिक्षा झालेल्याला तीन दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात नातलगांनी रदबदली करून जीव वाचवावा, नाहीतर त्याने दान-उपवास करून परलोकाची तयारी करावी.

मग अशोक ढोंगी होता का? हा प्रश्न शेवटी कुणीतरी विचारणारच, म्हणून आताच बोलतो. मला तसं वाटत नाही. त्याचा पहिला शिलालेख पाहा. पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात कालवणासाठी रोज लाखो प्राणी मारले जात, असं तो सांगतो. लेख कोरला त्या वेळी ते तीनवर आले होते: दोन मोर आणि एक हरीण. त्यातही हरीण रोज नाही, असं त्याने मुद्दाम नोंदवलं आहे. आणि हे तीनही पुढे मारले जाणार नाहीत, म्हणतो. भव्य दिसायचं असतं, तर आजपासून मांस बंद असं एका ओळीत कोरता आलं असतं. त्याने ते कोरलं नाही, ते दोन मोर लेखात तसेच राहू दिले.

आता तुमचे प्रश्न घेऊ.